बिनभंडाऱ्याचा कागद

चारठाण्याच्या शिवेवरच्या धनगरवाडीत संस्था नव्हती. मेंढ्या होत्या, कुत्री होती, बिरोबाचा ओटा होता, ओट्यावर बसणारे पाच पंच होते. पण संस्था म्हणतात ती वस्तू तिथं कोणी पाहिलेली नव्हती. फसली तेराशे सेहेचाळीस साली परभणीच्या सरकारी दफ्तरातले अहलकार किशनराव आले आणि दुपारच्या भाकरीच्या आत ती तयार करून मोकळे झाले. पंचांची नावं लिहिली, थोरले पंच उमाजी यांना सदर, म्हणजे अध्यक्ष केलं आणि पिशवीतून लाकडी शिक्का काढून त्यांच्या हातात दिला. 'धनगर लोकर संस्था, चारठाणा.' उमाजीनं तो उलटा धरून बराच वेळ पाहिला. उलटा की सुलटा हे त्याला कळायचं कारण नव्हतं.

ओट्याखाली लिंबाच्या सावलीत कासाबाई लोकर निवडत बसली होती. उमाजीच्या धाकट्या भावाची ती बायको. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली होती. वाडीत लोकर निवडायला तिच्यासारखा हात नव्हता आणि हे ती सोडून सगळे बोलून दाखवत. बायांनी ओट्यावर चढायचं नाही. खाली बसायचं, हातातलं काम करायचं, विचारलं तर बोलायचं, अशी तिथली रीत.

किशनराव समजावून सांगत होते. समुद्रापलीकडं एक जागतिक लोकर मंडळ निघालं होतं. साऱ्या मुलखांतल्या लोकरीला एकच प्रतवारी लावायची, म्हणजे इथला गठ्ठा तिकडं न उघडता विकला जाईल, हे त्याचं काम. त्या मंडळाचा एक नियम मात्र शहाणपणाचा होता. नियम ज्यांच्या पोटाला लागणार त्यांना विचारल्याशिवाय पक्का करायचा नाही. म्हणून मंडळाबाहेरचे गिरणीवाले, विणकर, मेंढपाळ अशांच्या संस्था हुडकून त्यांना जोडून घ्यायचं. त्या जोडसंस्था.

"मसुदा तुमच्याकडे येईल," किशनराव म्हणाले. "तुमचं म्हणणं तुम्ही कळवायचं. बैठकीला बसायचं, बोलायचं. फक्त मत नाही."

"मत न्हाई म्हंजे?" उमाजीनं विचारलं.

"म्हणजे बोलता येईल. हात वर करता येणार नाही."

पंच एकमेकांकडे बघायला लागले. बोलायचं आणि हात वर करायचा नाही, हे कसलं बसणं? ओट्याखाली कासाबाईला मात्र ते ऐकताक्षणी कळलं. ती जन्मभर तशीच बसत आली होती.

दोन महिन्यांनी मसुदा आला. तो वाचून दाखवायला जिंतूरचे एक मास्तर आणले. बाया त्या दिवशी रानात होत्या. पांढरी लोकर पहिली प्रत, करडी दुसरी, काळी तिसरी, हे ऐकल्याबरोबर ओट्यावरचे पंच ताठ बसले. वाडीतली सगळी मेंढरं काळी. आपली मेंढी तिसऱ्या नंबरची, हे पंचांच्या इतकं जिव्हारी लागलं की पुढची कलमं मास्तरांनी भिंतीला वाचून दाखवली असती तरी चाललं असतं. सातवं कलम तर एका ओळीचं होतं: दोन इंचांहून आखूड लोकर कचरा समजावी.

मग भंडाऱ्याचं ताट फिरलं. गोष्ट मान्य असेल त्यानं चिमूटभर हळद उचलायची, कपाळाला लावायची आणि उरलेली त्या गोष्टीवर टाकायची. सोयरीक असो, कुरणाची वाटणी असो, हळद पडली की पक्कं. मान्य नसेल त्यानं गप बसायचं. थोरांसमोर, देवासमोर 'न्हाई' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. ताट भरलेलंच परत आलं की ती गोष्ट मेली. तिच्याबद्दल पुन्हा कोणी बोलत नसे. त्या दिवशी ताट भरलेलंच परत आलं.

"कागद कोरडाच धाडा," उमाजी म्हणाला. "हळदीचा डाग न्हाई म्हनल्यावर आंधळ्याला बी कळंल."

परभणीच्या दफ्तरात आंधळं कोणी नव्हतं. किशनरावांनी कागद उघडला, पालटून पाहिला, छापील मसुद्याखेरीज दोन्ही बाजूंनी स्वच्छ. मंडळाचा नियम असा की तीन महिन्यांत उजर, म्हणजे हरकत आली नाही तर मान्य समजावं. त्यांनी जोडसंस्थेच्या नावापुढं सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'हरकत नाही', आणि दुसरा कागद पुढं ओढला. त्यांना मनातून बरंही वाटलं. पहिल्याच झटक्याला समजूतदार संस्था मिळाली होती.

नियम पक्का व्हायला अजून वेळ होता. पण व्यापाऱ्यांनी तो कच्चाच लागू केला. त्यांच्या फायद्याचं असलं की कच्चंही चालतं.

पुढच्या कातरणीनंतर कासाबाई चारठाण्याच्या बाजारी जावळ घेऊन गेली. कोकराची पहिली कातरणी म्हणजे जावळ. वाडीत बाकीची लोकर पुरुषांची, जावळ बायांचं. ते त्या निवडणार, पिंजणार, कातणार. लेक सासरी निघाली की तिच्या पाठीवर जावळाचं घोंगडं घालणार, आणि उरलेलं विकून स्वतःला हवं ते घेणार. बाईला कोणापुढं हात पसरायला लागू नये म्हणून कुण्या शहाण्या आजीनं घालून दिलेली रीत असावी. कासाबाईचं तर जावळावरच चाललं होतं.

खरेदीदार बन्सीधर दरवर्षी तिचं जावळ हातात घेऊन वा म्हणायचा. यंदा त्यानं खिशातून लोखंडी पट्टी काढली, झुपका ताणून तिच्यावर धरला आणि गाठोडं उचलून शेपट्या-पायांच्या मळक्या लोकरीच्या ढिगाकडं सरकवलं.

"हे कामून तिकडं?" कासाबाईनं विचारलं.

"आखूड आहे, बाई. दीड इंच. कचरा."

"जावळ आखूडच असतंय. मागल्या साली बी आखूडच व्हतं."

"मागल्या साली नियम नव्हता." बन्सीधर वाईट माणूस नव्हता, त्यानं समजुतीच्या सुरात घडी केलेला छापील कागद दाखवला. "आणि हा नियम मी केला नाही. तुमच्याच संस्थेला विचारून केलाय. हे तुमचं नाव, हे पुढं लिहिलंय, हरकत नाही."

कासाबाईनं गाठोडं उचललं आणि न विकता घरी आली. चारठाणा ते वाडी वाटेवर तिला बन्सीधरचा राग आला नाही. राग आला तो ओट्याचा. पाच जाणत्या माणसांनी अख्खा कागद ऐकला आणि एकालाही जावळ आठवलं नाही. स्वतःच्या आईच्या, बायकोच्या, लेकीच्या पाठीवर ज्यांनी ते पाहिलं होतं त्यांना.

तिचं ऐकून उमाजी उठून उभा राहिला. "आमी तर कोरडा धाडला व्हता."

"कोरडा कुनाला कळतो, भावजी? त्यान्ला आपला बिरोबा ठावा हाय का?"

उमाजी पुन्हा खाली बसला. पण परभणीला बैठक भरणार होती आणि जोडसंस्थेला तिचं बोलावणं आलेलं होतं. जावं की न जावं असं त्याचं चाललं होतं. आता जाणं भागच होतं. कासाबाई म्हणाली, मी येते. त्यानं नको म्हटलं नाही. म्हणजे गप राहिला, आणि वाडीच्या रीतीनं तो नकार होता. पण कासाबाईनं या एका वेळी दफ्तराची रीत धरली आणि गाठोडं बांधलं.

देवगाव फाट्यावरून सेलूपर्यंत बैलगाडी, तिथून आगगाडी. बैठकीच्या आदल्या दिवशी दोघं किशनरावांच्या मेजासमोर उभे राहिले. उमाजीनं कोरड्या कागदाची हकीकत सांगितली. किशनराव ऐकत गेले तसा त्यांच्या हातातला टाक खाली खाली आला.

"कोरडा म्हणजे नकार?"

"मंग दुसरं काय, राव?"

किशनरावांनी दौतीचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. मनुष्य प्रामाणिक होता. स्वतःच्या हातानं त्यांनी एका वाडीचं नाही हे होय करून समुद्रापार पाठवलं होतं, आणि तेही सुवाच्य अक्षरात. "चूक माझी," ते म्हणाले. "मुदत गेली. पण उद्या तोंडी मांडता येईल. नुसतं नको म्हणून भागत नाही, एवढं ध्यानात घ्या. काय नको, का नको, आणि त्या जागी काय लिहायचं, हे तिन्ही द्यावं लागतं. नाहीतर कागद बाजूला जातो."

उमाजीनं कासाबाईकडं पाहिलं.

"लिवा," ती म्हणाली. "जावळ कचरा न्हाई. त्ये आखूडच असतंय. त्याला पट्टीनं मोजू नगा, ओठानं मोजा."

किशनरावांनी लिहिलं: 'कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीस लांबीची अट लागू नाही. तिची प्रत मऊपणावरून ठरवावी.' तिनं ते त्यांच्याकडून वाचून घेतलं. पुन्हा वाचून घेतलं. ओठ कुठं गेला म्हणून विचारलं. ओठ कायद्यात बसत नाही असं कळल्यावर तिनं तिसऱ्यांदा वाचून घेतलं आणि मग मान हलवली.

बैठक डाकबंगल्यात होती. मधे मोठं मेज, त्याच्याभोवती मत असलेले पाच सभासद: मंडळाचा गोरा साहेब, गिरणीवाल्यांचे दोघं, व्यापाऱ्यांतर्फे बन्सीधर आणि दफ्तरातर्फे किशनराव. जोडसंस्थांच्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या. तिथं सदर म्हणून उमाजी बसला. कासाबाईचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं, म्हणून ती व्हरांड्यात. जोडलेल्याला बाहेरून जोडलेली.

किशनरावांनी मजकूर वाचून साहेबाला समजावला. साहेबानं एकच विचारलं: लांबी नको तर मऊपणा मोजायचा कसा?

"हातानं कळतंय, सायेब," उमाजी म्हणाला.

साहेबानं नमुन्यांच्या पेटीतून पाच झुपके काढून त्याच्यासमोर ठेवले. उमाजीनं एक चोळला, दुसरा चोळला, पुन्हा पहिला चोळला. तीस वर्षं मेंढरं राखलेला माणूस, लांडग्याच्या तोंडातून कोकरू ओढून आणलेला. पण लोकर निवडणं हे त्याच्या घरात दुसऱ्याचं काम होतं. शेवटी त्यानं झुपके खाली ठेवले आणि दाराकडं बोट केलं. "ह्ये आमच्या भावजईचं काम हाय. ती भाइर बसली."

खरं बोलायला त्याला किती जड गेलं असेल ते कासाबाईला व्हरांड्यात कळलं, आणि त्या क्षणी तिचा त्याच्यावरचा अर्धा राग उतरला.

ती आत आली, उभीच राहिली. पदर कपाळापर्यंत ओढून, डोळे मिटून एकेक झुपका ओठांवरून फिरवला. तीन एकीकडं ठेवले, दोन दुसरीकडं. "ह्ये तीन जावळ. ह्ये जाड, पाठीवरचं. आन ह्ये," पाचवा तिनं पुन्हा फिरवला, "मऊ हाय, पर जावळ न्हाई. म्हाताऱ्या मेंढीच्या पोटाखालचं."

साहेबानं पेटीतल्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या ताडून पाहिल्या, पाचही जुळल्या, आणि त्या गिरणीवाल्यांकडं सरकवल्या.

"मऊ असेल," बन्सीधर म्हणाला. "पण आखूड असल्यानं तुटतं. सूत टिकत नाही."

कासाबाईनं कमरेची सूत कातायची चाती काढली. तिथल्याच झुपक्यातून हात दीड हात सूत काढलं, दुहेरी पीळ दिला आणि मेजावरचं कागद दाबायचं पितळी वजन त्याला बांधून उचललं. वजन लोंबत राहिलं. सगळे त्याच्याकडं बघत राहिले, बन्सीधरही.

"हे हातानं झालं," गिरणीवाला म्हणाला. "मशीनवर होणार नाही."

"मिशिनीला येत न्हाई तर मिशिनीला नावं ठिवा," कासाबाई म्हणाली. "लोकरीला कामून?"

किशनरावांनी हे भाषांतर करताना थोडं मवाळ केलं असावं, तरी साहेब हसला. त्यानं तिचं नाव विचारलं आणि जोडसंस्थेच्या पानावर स्वतः लिहिलं: जाणकार, कासाबाई. मग शेवटच्या रकान्यात मंडळाचा जवाब लिहिला आणि पुढच्या कलमाकडं वळला.

"काय लिवलं?" तिनं विचारलं.

"नोंद घेतली," किशनराव हळूच म्हणाले.

"म्हंजे मानलं?"

"मानलं नाही. नाकारलंही नाही. ऐकलं. तुमच्या म्हणण्यावर मत घ्यायचं तर मत असलेल्यांपैकी कोणीतरी ते आपलं म्हणून मांडावं लागतं."

खोलीत कोणी बोललं नाही. कासाबाईनं ती शांतता आपल्या रीतीनं मोजली. ताट भरलेलं परत आलं, संपलं. ती चाती कमरेला खोचून दाराकडं वळलीही होती.

"मी मांडतो," किशनराव म्हणाले. त्यांचा आवाज जरा चिरका निघाला. दफ्तरातल्या माणसानं बैठकीत आपणहून काही मांडायची त्यांच्या नोकरीतली ती पहिलीच वेळ. त्यांचा हात वर झाला, साहेबाचा झाला, आणि वजनाकडं बघत बसलेल्या एका गिरणीवाल्याचाही झाला. दोघांविरुद्ध तीन मतांनी मजकूर समुद्रापार गेला.

तिकडून तो परत यायला पाऊणएक वर्ष लागलं. दरम्यान एक कातरणी झाली आणि वाडीतल्या बायांनी जावळ विकलं नाही. गाठोडी आढ्याला टांगून ठेवली.

शेवटचा मसुदा किशनराव या वेळी स्वतः घेऊन आले आणि ओट्यावर बसून त्यांनी स्वतः वाचला. सातवं कलम बदललं होतं: 'पांढऱ्या कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीस लांबीची अट लागू नाही.' कागदाच्या शेवटी, ज्यांच्या सहकार्यानं हा नियम झाला अशा जोडसंस्थांची यादी होती. दूरदूरच्या मुलखांतली नावं, त्यांत शेवटून तिसरं: धनगर लोकर संस्था, चारठाणा. ते नाव उमाजीनं दोनदा वाचायला लावलं. मग उठून शेजारच्या पंचाला सांगितलं, जणू त्यानं ऐकलंच नव्हतं. सगळ्या दुनियेत आपलं नाव गेलं या आनंदात ओटा न्हाऊन निघाला, आणि ताट फिरलं. चार चिमटी उचलल्या गेल्या; कागदावर त्या अजून पडायच्या होत्या.

"भावजी," ओट्याखालून कासाबाई म्हणाली. "आपल्यात पांढरी मेंढी कोनाकडं हाय?"

कोणाकडंच नव्हती. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण छापलेल्या नावापुढं तो सवाल बारीक वाटत होता. काही नव्हतं तिथं काहीतरी मिळालं, दुधाची तहान ताकावर तर भागली, असं एक पंच पुटपुटला. मात्र ते ताक कोणाच्या वाट्याला येणार हे त्यानं सांगितलं नाही.

"ऐकलं, कासाबाई," उमाजी म्हणाला आणि पाचवी चिमूट उचलायला त्यानं हात पुढं केला.

ऐकलं. म्हणजे नोंद घेतली. तिला वाटलं, परभणीला जाऊन यायची गरज काय होती. डाकबंगला तर इथंच होता. हे तिला लागलं, आणि साहेबाच्या जवाबापेक्षा जास्त लागलं.

"थांबा," किशनराव म्हणाले. त्यांनी कागद उलटला. "इथं जाणकार म्हणून नाव आहे. लोकरीच्या कलमावर जाणकाराचा जवाब आल्याशिवाय संस्थेचा जवाब पुरा होत नाही. माझा नियम नाही, मंडळाचा आहे. ताट त्यांच्यापुढंही जायला पाहिजे."

बाईपुढं भंडाऱ्याचं ताट कधी गेलं नव्हतं. पंच खाली बघायला लागले. उमाजीनं हात मागं घेतला. डाकबंगल्यातले पाच झुपके त्याला आठवले असतील, नसतील. मग त्यानं ताट उचललं, ओट्याच्या तिन्ही पायऱ्या उतरला आणि भावजईपुढं उभा राहिला. हळद ताटाच्या काठाला सांडत होती.

कासाबाईनं हात मांडीवरच ठेवले.

सगळ्यांना कळलं. इतकी वर्षं सगळ्यांना असंच कळत आलं होतं. उमाजीनं मान हलवली. "ऱ्हाऊ द्या मंग. कागद कोरडाच जाऊ द्या."

"कोरडा न्हाई जायचा," ती म्हणाली. "कोरडा गेला की तिकडं व्हय व्हतंय." ती उठून उभी राहिली आणि ओट्याकडं, पंचांकडं, बिरोबाकडं तोंड करून बोलली. "राव, लिवा. कासाबाई न्हाई म्हनती."

बिरोबासमोर तो शब्द कोणी काढल्याचं वाडीतल्या म्हाताऱ्यांनाही आठवत नव्हतं. एका पंचानं कानांवर हात नेले. लिंबाखालच्या बायांची कामं थांबली. आभाळ काही कोसळलं नाही. मेंढरं तशीच चरत राहिली.

किशनरावांनी टाक बुडवला. "पण नुसतं नाही..."

"चालत न्हाई. ठावं हाय. पांढऱ्या ह्यो शबूद काढा. कोकराच्या, एवढंच ठिवा. कोकरू पांढरं असू नाहीतर काळं, जावळ जावळच असतंय. आन ओठ टाका आता तरी. त्यान्ला कळू द्या कशानं मोजायचं."

त्यांनी लिहिलं. ओठही लिहिला. तिनं तीनदा वाचून घेतलं. मग तिनं उमाजीच्या हातातल्या ताटात बोटं घातली, चिमूटभर भंडारा उचलला, कपाळाला लावला आणि उरलेला किशनरावांच्या ओल्या शाईवर टाकला, बरोबर 'नाही' लिहिलं होतं त्या जागी.

उमाजीनं ताट खाली ठेवून बंडीतून शिक्का काढला. आता तो कुठून सुलटा हे त्याला कळत होतं. त्यानं शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडली आणि भावजईच्या नाहीखाली तो दोन्ही हातांनी दाबला.